पेरूच्या करंज्या आणि एक थेंब तूप

हे नारायणा, हे अन्नदात्या! धानाच्या लोंबीत दूध होऊन तूच भरतोस, चुलीत अग्नी होऊन तूच नांदतोस, आणि भुकेल्या लेकराच्या पोटी बसून घासाची वाट पाहणाराही तूच. माणसाच्या जिभेवर सत्य तूच ठेवतोस. आणि माणसाने ते गिळून टाकले, तर काळजात कुसळ होऊन सलणाराही तूच. तुझे चरण वंदून तुझ्याच एका लेकीची कथा आरंभावी. तिने पर्वत उचलला नाही की समुद्र ओलांडला नाही. तिने करंज्या तळल्या, एक खोटा शब्द उच्चारला, आणि त्या एका शब्दाच्या ओझ्याखाली वर्षभर वाकून जगली.

तिचे नाव सुमित्राबाई. गाव दवनीवाडा, गोंदिया तालुक्यातले.

घर पोवार शेतकऱ्याचे. दारात म्हैस, मागे धानाच्या बांध्या, आणि वर आभाळात बिरशीच्या विमानतळाकडून शिकाऊ विमानांची दिवसभर चाललेली घरघर. पती देवचंद, बोलायला थोडा आणि हट्टाला मोठा. मुलगा उमेंद्र नोकरीसाठी गोंदियात राहतो. सून नीतू त्याच शहरात वाढलेली. तिच्या तोंडी हिंदी आणि मराठी एकाच ताटात वाढल्यासारख्या येतात. आणि या घराचा सगळा जीव ज्याच्यात अडकलेला, तो नातू हिमांशू. आता सात वर्षांचा.

सुमित्राबाईचा देव्हारा पाहावा. पितळेचे देव आरशासारखे लखलखीत, समईत घरच्या म्हशीचे तूप, आणि नैवेद्याचे पान असे की डाव्या-उजव्याची चूक म्हणून सापडायची नाही. तिची आई कामठ्याची. तिने लेकीला सासरी पाठवताना एक नेम पदरात बांधून दिला होता: अन्नावर तुपाचा थेंब पडल्याशिवाय ते शुद्ध होत नाही, आणि शुद्ध झाल्याशिवाय देवापुढे जात नाही. सुमित्राबाईने तो नेम श्वासासारखा सांभाळला. आजारपणात सांभाळला, सुतकानंतर सांभाळला, घरात पाहुण्यांची दाटी असताना सांभाळला.

अशा घरात लेकरू आले, आणि त्याला दूध बाधू लागले.

पहिल्यांदा खिरीचा चमचा तोंडाला लागला तेव्हाच ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या. गोंदियाच्या डॉक्टरांनी नीतूला समोर बसवून सांगितले की दूध नको, दही नको, ताक, लोणी, खोवा, तूप, यांतले काही म्हणजे काहीच नको, चाखण्यापुरतेही नको. नीतूने ते घरी येऊन सासूला पुन्हा पुन्हा सांगितले. सुमित्राबाईने सारे मानले. तिने हिमांशूची ताटवाटी वेगळी केली, त्याच्यासाठी नवी कढई घेतली, म्हशीच्या धारेचे हात धुतल्याशिवाय ती त्याला जवळ घेईना. एकच गोष्ट तिच्या मनाच्या उंबरठ्यावर अडून राहिली, ती म्हणजे तूप. दूध चरवीत असते. तूप देवाच्या समईत असते. जे विरजले, घुसळले, कढवले, अग्नीतून तावून निघाले, त्यात दूध उरेल तरी कसे? तोंडाने ती सुनेला हो म्हणत असे. मन मात्र हो म्हणाले नव्हते.

पोळ्याला या घरी खोव्याच्या करंज्या होत. सारे घर करंज्या खाणार आणि लेकरू टकमक पाहत बसणार, या विचाराने सुमित्राबाई गेल्या वर्षी हिरमुसली होती. तिला वाट दाखवली कुसुमबाईने.

कुसुमबाईचे घर गल्लीच्या पलीकडे, बौद्ध वस्तीतले पहिलेच. दोघी एका वयाच्या. तरुणपणी दोघींनी एकाच चिखलात, एकाच रांगेत धानाची रोवणी केली. एकीने गाणे उचलावे, दुसरीने ते पुढे न्यावे. कुसुमबाईच्या अंगणात पेरूचे झाड होते आणि पावसाळी पेरूंनी ते लवून गेले होते. सुमित्राबाईचे रडगाणे ऐकून ती हसली.

“दूध चालत नाही त खोवा कायले पाहिजे व? पेरू आटव गुळात. खोव्याचं तोंड पाहणार नाही पोरगं.”

आणि तिने ओटीभर पेरू आणून दिले. तसेच झाले. उकडलेला पेरू चाळणीवर घासून बिया काढल्या, गर गुळासोबत मंद आचेवर आटवला, त्याचा गोळा कढईची कड सोडू लागला तेव्हा भाजलेले खोबरे आणि चारोळी घातली. पिठाला तेलाचे मोहन दिले, कडा दुधाऐवजी पाण्याच्या बोटाने मिटवल्या. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी हिमांशूच्या लाकडी बैलाची पूजा झाली, आणि पेरूच्या करंज्यांचे ताट नैवेद्याला आले.

सज्जनहो, इथे तिचा हात थबकला. ताट देवापुढे होते आणि त्यावर तुपाचा थेंब नव्हता. असा कोरडा नैवेद्य तिने जन्मात दाखवला नव्हता. तिला वाटले, देवाला वाहिलेले तूप देवाचे झाले. प्रसाद कधी कोणाला बाधला आहे का? तिने पळी उचलली. पाच करंज्यांवर पाच थेंब पडले. घंटा वाजली, प्रसाद झाला, आणि त्यातलीच एक करंजी तिने आपल्या हाताने नातवाच्या मुखी घातली. तिच्या मनात त्या घटकेला प्रेमाशिवाय काही नव्हते, हे देव जाणतो. पण प्रेमाने दिलेले म्हणून विष अमृत होत नाही, हेही देवच जाणतो.

तान्ह्या पोळ्याला लेकरे आपापले लाकडी बैल घेऊन दारोदार फिरतात, आणि घरोघरच्या आयाबाया त्यांच्या हातावर बोजारा म्हणून खाऊ ठेवतात. हिमांशू बैल ओढत निघाला तो पहिल्यांदा गल्ली ओलांडून कुसुमबाईच्याच दारी. तिने त्याला मुरमुऱ्यांचा लाडू दिला. त्याने एक घास घेतला. तिथेच, तिच्याच ओसरीवर, त्याचे ओठ सुजले आणि श्वास शिट्टीसारखा वाजू लागला.

पुढचे सारे धावपळीचे. उमेंद्रने त्याला मोटारसायकलवर घातले, नीतू मागे बसली. निघता निघता तिने सासूकडे वळून विचारले, “मम्मीजी, घी तो नहीं डाला था कहीं?”

“नाही,” सुमित्राबाई म्हणाली.

एवढाच तो शब्द. विचार करून बोललेला नव्हता. भीतीने तोंडातून ढकलून दिलेला होता. पण बाण सुटल्यावर धनुष्य कोणत्या विचारात होते, हे कोणी पाहत नाही. गोंदियाला इंजेक्शन मिळाले, संध्याकाळपर्यंत लेकरू हसूखेळू लागले. लेकरू वाचले, आणि तो शब्दही मागे जिवंत राहिला.

कारण गल्लीत माणसे जमली होती आणि त्यांना दोष ठेवायला एक दार हवे होते. लाडू पोराच्या मुठीत होता. पुरावा म्हणून तेवढा पुरे झाला. कुसुमबाई पुन्हा पुन्हा सांगत राहिली की त्यात गूळ आणि मुरमुरे, तिसरे काही नाही. देवचंद तिच्याकडे न पाहता म्हणाला, “आमच्या पोराले तुमच्याइकडचं कायले देता?”

तुमच्याइकडचं. त्या शब्दात लाडू नव्हता. त्यात काय होते ते गल्लीतल्या प्रत्येकाला कळले, आणि कुसुमबाईला सर्वांत आधी. ती ओठ मिटून घरात गेली. दाराआड उभी असलेली सुमित्राबाई हे सारे ऐकत होती. दोन पावले पुढे टाकून बोलायचे होते. ती पावले तिने टाकली नाहीत.

पाहा कसे विपरीत घडले. ज्या घरी रोज पंचशील म्हटले जाते आणि खोटे बोलणार नाही असा नेम घेतला जातो, त्या घरची बाई खरे बोलली आणि तिचे कोणी ऐकले नाही. ज्या घरी देव्हाऱ्यात अखंड समई, त्या घरची बाई खोटे बोलली आणि सगळ्यांनी मान डोलावली.

मग ते वर्ष गेले. कसे गेले ते सुमित्राबाईलाच ठाऊक. कुसुमबाई रस्त्यात भेटे, पण तिच्या तोंडचे पूर्वीचे ‘तू’ आता ‘तुमी’ झाले होते. रोवणीला ती दुसऱ्या रांगेत उभी राही. वस्तीबाहेरच्या आयांनी लेकरांना सांगून ठेवले होते की त्या ओसरीवर काही खायचे नाही. देवचंद सारे विसरून गेला. ज्याने घाव घातला तो विसरतो. सुमित्राबाई देवापुढे बसे, माळ ओढी, आणि नामाच्या जागी तिच्या ओठांवर तोच शब्द येई. नाही. नाही. नाही.

कितीदा तिने सुनेला फोन लावायला घेतला. पण समोर एकच चित्र उभे राही: नीतू लेकराला ओढून जवळ घेते आहे, आणि म्हणते आहे, आता आजीच्या हातचे खायचे नाही. नातवाच्या मुखी घास घालणे, एवढेच सुख या वयात तिच्यापाशी उरले होते. खरे बोलावे तर ते जाणार. गप्प राहावे तर गल्लीपलीकडची ती बाई जन्मभर विषारी ठरणार. तराजूच्या एका पारड्यात तिने स्वतःचे सुख ठेवले, दुसऱ्यात कुसुमबाईची लाज. आणि देवा, वर्षभर तिने आपलेच पारडे हाताने दाबून धरले.

या वर्षीचा पोळा आला. मुलगा, सून, नातू आले. नीतूने गोंदियाच्या बाजारातून पेरू आणले होते. गल्लीपलीकडच्या झाडाचे नाव कोणी काढले नाही. दुपारी सासू-सून करंज्यांना बसल्या. नीतूला त्या शिकायच्या होत्या, शाळेच्या डब्यात द्यायला. सुमित्राबाई सांगत होती: सारण ओले राहिले की करंजी तेलात फुटते, पारी मधे जाड नको, कडेला पातळ नको, आच मोठी केलीस तर वरून लाल आणि आतून कच्ची. पहिल्या करंज्या झाऱ्यावर निथळत होत्या. अंगणात हिमांशू बैलाच्या गळ्यात घुंगरू बांधत बसला होता.

नीतू लाटता लाटता सहज बोलून गेली. “सच बताऊँ मम्मीजी? बाहेरचं मी काहीच देत नाही त्याला. तुमच्या हातचं तेवढं डोळे मिटून देते.”

सुमित्राबाईच्या हातातली करंजी अर्धी मिटलेली होती. बोट कडेवर थांबले. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. हा विश्वास मात्र तिला तापल्या तेलासारखा लागला.

“डोळे मिटून नोको देऊ, बाई,” ती म्हणाली. “मागच्या साली तूप मीच टाकलं होतं. नैवेद्यावर. तू इचारलं तवा नाही म्हटलं.”

नीतूने आधी गॅस बंद केला. कढईतले तेल हळूहळू शांत झाले.

“मैंने आपसे पूछा था,” ती शेवटी म्हणाली.

“हो.”

“डॉक्टरांनी मला विचारलं होतं. मी म्हटलं, घरचं काही नाही, बाहेर लाडू खाल्ला. वर्षभर मी सगळ्यांना तेच सांगते आहे.” तिचा आवाज चढला नाही, आणि म्हणूनच सुमित्राबाईला मान वर करवेना. नीतू उठली, दारातून लेकराकडे पाहून आली, पुन्हा बसली. मग तिने सांगितले की आजपासून त्याचे खाणे तीच करील. मम्मीजींनी जवळ बसावे, गोष्टी सांगाव्यात, पण वाढायचे नाही. निदान काही दिवस तरी नाही. वर्षभर जिला ती भीत होती ती शिक्षा अशी, एका साध्या वाक्यात, पुढ्यात आली. सुमित्राबाईने मान हलवली. रडली नाही. रडण्याचा हक्क आपला नाही, एवढे तिला कळत होते.

“और कुसुमकाकी?” नीतूने विचारले.

“तिच्याचकडे जाऊन राहिली,” म्हणत ती उठली.

ओट्यावर बसलेल्या देवचंदने सारे ऐकले होते. त्याने म्हटले की पोरगं बरं आहे, वर्ष लोटलं, आता उकरून कोणाचं भलं होणार? आणि लोक काय म्हणतील? सुमित्राबाईने पदर सावरला आणि संसारात पहिल्यांदाच त्याला तोडून बोलली. “तुमी तिले जे बोलले ते माह्या खोट्यापायी. तुमचं बोलणंही माह्याच माथी हाय. ते मले उतरवू द्या.”

कुसुमबाई ओसरीवर तांदूळ निवडत होती. हिला पाहून तिने सूप खाली ठेवले नाही. सुमित्राबाईने उभ्यानेच सांगितले, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत. कुठे पांघरूण घातले नाही, कुठे भक्तीची ढाल पुढे केली नाही. कुसुमबाईची बोटे तांदळात फिरत राहिली.

“मले माहीत होतं,” ती म्हणाली. “माह्या लाडवात का होतं ते मले माहीत नाही का? मंग दुसरं कोणाचं असन? मी वाट पाहून राहिली होती, तू कवा बोलतं ते.”

सुमित्राबाईने तिचे पाय धरायला वाकावे, तो ती मागे सरली.

“पाय नोको धरू. तुह्या सासूनं माहा चहाचा कप अलग खुंटीले टांगला होता, आठवते? म्हातारी गेली, तू तो उकिरड्यावर फेकला. मले वाटलं, झालं, फिटलं. त्या दिवशी दाराआड तू उभी होतीस, मले दिसली होतीस. तवा मले वाटलं, कप पुन्हा खुंटीले टांगला.” तिने सुपातला खडा काढून बाहेर टाकला. “आता तू सांगून टाकलं, तुहं मन हलकं झालं. माहं नाही झालं आणखी. माह्या दारी पोरं येत नाहीत, सुमित्रे.”

यावर उत्तर एकच होते, आणि ते या ओसरीवर नाही, साऱ्या गावासमोर द्यायचे होते.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. मारुतीच्या पारासमोर लेकरांनी आपापले बैल रांगेत उभे केले, कोणाचा रंगवलेला, कोणाचा चाकाचा, कोणाचा नुसता ओंडक्यासारखा. आयाबाया, म्हातारेकोतारे भोवती जमले. पूजा आटोपली, लेकरे पळणार, तेवढ्यात सुमित्राबाई पुढे झाली. पार चढली नाही. खालीच, बायांच्या मधोमध उभी राहिली. तिने सांगितले की गेल्या वर्षी नातवाला जे झाले ते तिच्या तुपाने झाले, कुसुमबाईच्या लाडवाने नाही; तिने सुनेला खोटे सांगितले आणि निर्दोष बाईला दोष लागू दिला.

मग मागून एकीने टोमणा मारलाच: “देवावरचं तूप बाधलं म्हणते. देवानंच केलं म्हण की मंग.”

“देवानं तूप मांगितलं नव्हतं,” सुमित्राबाई म्हणाली. “तो त भावाचा भुकेला. मलेच ताट बरोबर दिसाले पाहिजे होतं.”

अहो, किती पोथ्या वाचल्या म्हणजे हे वाक्य सापडते? ती वर्षभर जळली, तेव्हा तिला सापडले. देवचंद पाराच्या कडेला खाली मान घालून उभा होता. तो पुढे आला नाही. पण निघूनही गेला नाही.

लेकरे सुटली. नीतू हिमांशूचा हात धरून चालू लागली आणि तिची वाट गल्लीपलीकडच्या ओसरीकडे वळली. मागोमाग आणखी दोन-तीन आया, थोड्या बिचकत, आपली पोरे घेऊन वळल्या. कुसुमबाईने परात पुढे आणली. पण लेकराच्या हातावर काही ठेवण्याआधी तिने नीतूकडे पाहिले आणि यात काय काय आहे ते सांगून विचारले, देऊ का. नीतू म्हणाली, “दो काकी. तुमचं तर आधीपासून खरंच होतं.” हिमांशूने दोन्ही हात पसरले.

सुमित्राबाई पायरीखाली उभी होती. तिच्या हातात काही नव्हते. कोणाला काही वाढण्याचा अधिकार आज तिला नव्हता. कुसुमबाईची नजर तिच्यावर गेली. तिने ये म्हटले नाही, जा म्हटले नाही.

“आज पोराइचा सण हाय,” ती म्हणाली. “तुह्या-माह्याचं उद्या पाहू.”

सुमित्राबाईने मान हलवली आणि तिथेच उभी राहिली, लेकरांची गर्दी आपल्या बाजूने वर चढत असताना.

हे करुणाकरा, या माउलीला तुझ्या पदराखाली घे. तिच्या हातून घडले ते तू विसरू नकोस, पण तिला सोडूही नकोस. तिच्या जिभेवर आता सत्य वसो, तिच्या देव्हाऱ्यात भाव वसो, आणि ज्या हाताने चुकले त्याच हाताने पुन्हा भरवण्याचा दिवस तिला तिची सूनच आपण होऊन देवो. हिमांशूचा श्वास मोकळा राहो. नीतूचे धैर्य आणि उमेंद्रचे कष्ट फळोत, देवचंदच्या मानी मानेला नमण्याचे सुख कळो. गल्लीच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्ही घरी चूल पेटती राहो, दारे उघडी राहोत, आणि कुसुमबाईची ओसरी लेकरांच्या पावलांनी कधी रिकामी न राहो. या घराचे कल्याण होवो. त्या घराचे आधी होवो.